जांबोटीकडच्या झेरॉक्स दुकानासाठी पीसी: सहावी जनरेशन की आठवी? आणि पावसाळ्यात टिकवायचा कसा?

रानजाई_जांबोटी

नमस्कार मंडळी. जांबोटी भागात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन अर्जांचं छोटं दुकान आहे. सध्याचा पीसी तिसऱ्या जनरेशनचा (पिढीचा) इंटेल आय३ प्रोसेसरवाला, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. उताऱ्याची साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येतंय.

बेळगावात दोन सेकंडहँड डेस्कटॉप बघितले. दोन्ही ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. एकावर नुसतंच "आय५" लिहिलंय, विचारल्यावर सहावी जनरेशन म्हणाले. दुसरा आठवी जनरेशन, चार हजारांनी महाग. कोल्हापुरात एकानं नवा एन१०० (इंटेलचा कमी विजेचा प्रोसेसर) मिनी पीसी घ्या म्हणून सांगितलं. एवढ्या कामाला चार हजार जास्त घालणं बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे आत्ताच्या मशीनचे तीन त्रास. पावसात चार दिवस दुकान बंद राहिलं की चालू करताना बीप वाजतो, डिस्प्ले येत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. आणि लेझर प्रिंटरवर प्रिंट दिली की यूपीएस ओरडतो, कधी बंदच पडतो. नवीन मशीनला हेच व्हायला नको. कन्नड आणि मराठी दोन्ही टायपिंग लागतं.

स्टार_स्क्रू_शहापूर

ताई, आठवीच घ्या. घासाघीस चार हजारांवर करा, जनरेशनवर नको.

कारण वेगाचं नाही, विंडोजचं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप किंवा सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच चालतो. सहाव्यावर पळवाट काढून ११ टाकून देणारे भेटतील, टाकता येतंही. पण पुढचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, दरवेळी कुणाला तरी बोलवायचं. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेची कागदं उघडतात त्यावर असला जुगाड नको. वरून वेगही मिळतो: आय५-६५०० ला चार कोअर, आय५-८५०० ला सहा.

"आय५ आहे" हे सांगणं म्हणजे "गाडी लाल आहे" सांगण्यासारखं. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा बघा: ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका, तो नखानं निघतो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू, तिथं खरं नाव दिसतं. मॉडेलवरूनही कळतं. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०५० म्हणजे सहावी-सातवी, ३०६० म्हणजे आठवी. एचपीचा एलिटडेस्क ८०० जी३ जुना, जी४ आठवीचा. लेनोवोचा एम७१० जुना, एम७२० आठवी-नववीचा. "आत्ता सहावी घ्या, पुढं प्रोसेसर बदलून देतो" हे ऐकून घेऊ नका. दोन्हीचं सॉकेट दिसायला सारखं असलं तरी जुन्या बोर्डावर आठवीची चिप चालत नाही.

काउंटरवर वीस मिनिटं मागून घ्या. देत नसतील तर तिथंच निर्णय झाला म्हणायचा.

विंडोज आणि आर चं बटण एकत्र दाबून रन उघडा, त्यात टीपीएम डॉट एमएससी टाका. खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसायला पाहिजे. दिसलं नाही तर लगेच नाकारू नका, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ते बंद ठेवलेलं असतं बऱ्याचदा. त्यासाठी बायोसमध्ये शिरायचं आहेच: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१. तिथं पासवर्ड विचारला तर मशीन कुठल्या तरी ऑफिसातून कुलपासकट आलीय. डेस्कटॉपला बोर्डावरच्या जंपरनं ते बरेचदा निघतं, लॅपटॉपला सहज निघत नाही. दुकानदाराकडून काढूनच घ्यायचं, घरी नेल्यावर नाही.

मग पेनड्राइव्हमधून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. एसएसडीची हेल्थ किती टक्के, पॉवर ऑन आवर्स किती, ते बघा. नवीन म्हणून दिलेल्या एसएसडीवर आठ हजार तास दिसले तर समजायचं काय ते. एसएसडी नावाजलेल्या कंपनीची पाहिजे, नाव न ऐकलेली "१ टीबी" स्वस्तातली नको. २५६ जीबी ओळखीची परवडली. तोच पेनड्राइव्ह मग पुढच्या-मागच्या प्रत्येक यूएसबीत घालून बघा.

मशीन पूर्ण बंद करा, मागची केबल पाच मिनिटं काढून ठेवा, परत चालू करा. तारीख मागं गेली असेल तर आतला, घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपलाय. किरकोळ वस्तू आहे, पण तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडत नाही आणि तुम्ही बसाल नेटवाल्याला फोन करत.

शेवटी पाठ फिरवून बघा. मागच्या पोर्टांवर, स्क्रूच्या डोक्यावर तांबूस गंज असेल तर मशीन ओलीत पडून होती. आतला बोर्ड कितीही चकाचक पुसलेला असू दे, सोडून द्या. तिथंच व्हीजीए पोर्ट आहे का बघा. तुमचा मॉनिटर जुना असणार आणि या मशीनांना बऱ्याचदा एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्टच असतात. व्हीजीए नसेल तर जे पोर्ट असेल त्याचा टू व्हीजीए कन्व्हर्टर त्याच भावात घालून मागा.

रॅम ८ जीबीची एकच पट्टी असली तर बरं, दुसरा स्लॉट मोकळा राहतो. ४-४ च्या दोन असल्या तर वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात. रॅमचे भाव सध्या चढे आहेत, त्यामुळं ज्या दिवशी मशीन घ्याल त्याच दिवशी "१६ करून किती?" विचारा.

बिलावर मशीनचा सिरियल नंबर आणि वॉरंटी किती महिने, कशा-कशावर, हे लिहून घ्या. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) धरून का, हे मुद्दाम विचारा. या छोट्या कंपनी-कॅबिनेटचा एसएमपीएस बाजारातल्या चोवीस पिनवाल्यासारखा नसतो, आकार वेगळा, कनेक्टर वेगळे. रात्रीत गेला तर शेजारच्या दुकानातला लागत नाही. याच कारणानं बेळगाव की कोल्हापूर याचं उत्तर बेळगाव. पाचशे रुपये स्वस्त मिळालं म्हणून बंद मशीन घेऊन हायवेला एसटीत बसायचं कुणी?

विंडोजची की वेगळी विकत घेऊ नका. या मशीनांच्या बायोसमध्ये बहुतेक विंडोज १० प्रोचं लायसन्स असतंच, त्यावर ११ प्रो आपोआप ॲक्टिव्हेट होतं. दुकानदारानं क्रॅक मारून दिलं असेल तर स्वच्छ परत टाकून मागा.

निपाणी_नाका

मिनी पीसीची बाजू कुणी तरी घ्यायला पाहिजे. एन१०० ला चार कोअर, प्रोसेसर ६ वॉटचा, १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतो. विंडोज ११ अधिकृत चालतं. लाईट गेली की त्याच यूपीएसवर तो डेस्कटॉपपेक्षा बराच जास्त वेळ चालतो. आत धूळ शिरायला जागा कमी, उंदराला तर नाहीच.

स्टार_स्क्रू_शहापूर

मान्य की. नुसतं अर्ज भरायचं टेबल असेल तर एन१०० बेस. पण रॅम एकाच चॅनलवर, स्लॉट एकच, काहींत तर रॅम बोर्डावर चिकटवलेली. फोटोशॉप, चार टॅब, स्कॅनिंग एकदम उघडलं की दमतो. आणि बोर्ड गेला तर रिपेअर नाही, अख्खा डबा बदला. दुसऱ्या काउंटरला घ्यावा, पहिला डेस्कटॉप.

अर्थिंग_आधी

पीसी कुठला घ्यायचा ते वर आलंय. झिणझिण्या आणि यूपीएसचं मात्र मशीन बदलून जाणार नाही, कारण दोष मशीनमध्ये नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असलं की ती किरकोळ गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसलं की पत्र्यावर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तेच व्होल्टेज यूएसबी आणि प्रिंटरच्या केबलीच्या पत्र्यावरही असतं. चालू मशीनमध्ये प्रिंटरची केबल खुपसताना यूएसबी पोर्ट जातात ते असे.

मल्टीमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल: २३०च्या आसपास, आपल्याकडं खेड्यात संध्याकाळी कमीही. फेज-अर्थ: तेवढंच, दोन-चार व्होल्टचा फरक. न्यूट्रल-अर्थ: शून्य ते दोन, फार तर पाच. फेज-अर्थला शंभर-सव्वाशे असं काही तरी अधांतरी दाखवलं तर तिसऱ्या पिनेला मागं काहीच जोडलेलं नाही. मापं बरोबर आली तरी एक शंका उरते, डिजिटल मीटरला कच्च्या अर्थवरही आकडा दिसतो. लोड देऊन टेस्ट लॅम्पनं बघायला लागतं, ते वायरमनलाच करू द्या.

आणि त्याला आधीच सांगून ठेवा: प्लगमध्ये अर्थ आणि न्यूट्रल तारेनं जोडायचं नाही. बरेच जण हे करतात, मीटरवर सगळं छान दिसतं, झिणझिण्याही जातात. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. झिणझिण्या परवडल्या.

खरं अर्थिंग म्हणजे ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप जमिनीत उभा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला तोंड. तुमच्याकडं जांभा. पाणी थांबत नाही, मार्चपासून खड्डा वाळतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. नेमका त्याच वेळी वळीव आणि विजा. फेब्रुवारी ते मे आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात घाला. स्पाइक गार्डमधला संरक्षक भाग जास्तीचं व्होल्टेज अर्थकडं वळवतो. अर्थच नसेल तर तो निम्म्या कामाचा.

ढग गडगडायला लागले की नुसता बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, राउटरचा ॲडॉप्टर काढा, आणि पीसीची लॅन केबलही काढा. वीज लॅनमधून शिरली की पोर्टसकट बोर्ड जातो.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॉटचा असतो. लेझर प्रिंटर प्रिंट काढताना आतला फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापवतो, तेव्हा काही सेकंद ८०० वॉट किंवा त्याहून जास्त ओढतो. यूपीएस ओरडणारच. प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन थेट भिंतीच्या प्लगवर, यूपीएसवर फक्त पीसी, मॉनिटर, राउटर. एवढ्यानं आज संध्याकाळपासून तो गप्प बसेल.

आत १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते, दोन ते तीन वर्षं. पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते तेव्हा ती रिकामी पडून राहते आणि रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. लाईट आली की पीसी लावायच्या आधी यूपीएस सहा-आठ तास नुसता चार्ज करा. पूर्ण चार्ज बॅटरी मोकळी (काही न जोडता) १२.७-१३ व्होल्ट दाखवते. पीसी लावून मेन काढल्यावर मिनिटभरात १०.५ च्या खाली आली तर बदला. नवीन बॅटरी बसवताना लाल-काळी तार उलटी झाली की यूपीएसच गेला, एवढंच सांभाळायचं. जुनी दुकानात परत द्या, मोड म्हणून पैसे कापून मिळतात.

निपाणी_नाका

पावसातल्या बीपचं कुणी बोललं नाही. ते रॅमचं आहे. चार दिवस मशीन थंड, हवेत ओल, सोनेरी दातांवर पातळ थर बसतो.

केबल काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट जातो. पत्र्याला हात लावून मग रॅम काढा. कडेला धरा, दातांना बोट नको. पेन्सिलीचं पांढरं मऊ खोडरबर दातांवरून लांबीच्या दिशेनं चार-पाचदा फिरवा. शाईचं निळं खोडरबर अजिबात नको, त्यात रेती असते, सोन्याचा मुलामा निघतो. कचरा ब्रशनं झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून सुकू द्या. स्लॉट रंगाच्या कोरड्या ब्रशनं झाडा. बसवताना दोन्ही टोकांचे लॉक टक् टक् आवाज करून बंद झाले पाहिजेत. एकच झाला तर रॅम तिरकी बसलीय. गंज काढायचा तेलकट स्प्रे स्लॉटमध्ये मारू नका, त्यावर धूळ चिकटते.

महिन्यात दोनदा खोडायची वेळ आली तर रोग स्लॉटमध्ये किंवा जागेत आहे. कॅबिनेट बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नका, जून-सप्टेंबर त्या भिंतीला घाम असतो. जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून वीतभर लांब. दुकान बंद असलं तरी लाईट असेल तेव्हा दिवसाआड अर्धा तास मशीन चालवा, आतली ऊब हीच ओलीवरची दवा. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतात लोक, पंखा दर मिनिटाला नवी हवा आत ओढतोय तिथं पुडी काय करणार? आणि बंद केल्या केल्या गरम मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर नको. थंड झाल्यावर सुती फडकं.

धुळीचं आमच्याकडं वेगळं. तंबाखूची भुकटी नुसती उडत नाही, ओल लागली की पंख्याच्या पात्यांवर लेपासारखी बसते. नुसत्या ब्लोअरनं जात नाही, आधी ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, भलत्या वेगानं फिरला की बेअरिंग जातं. तुमच्याकडं लाल माती, ती ब्लोअरनं निघते. वर्षातून दोनदा पुरे: एकदा मेच्या शेवटी, एकदा दिवाळीआधी. प्रोसेसरची थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी, वाटाण्याएवढी. जास्त घातली म्हणून जास्त थंड होत नाही.

मागची रिकाम्या स्लॉटची पत्र्याची पट्टी निघालेली असेल तर आजच बसवा. उंदीर तिथूनच जातो. वायर कुरतडली तर बदलता येते, बोर्डावर मुतला तर तांब्याच्या रेषा खाऊन जातात.

रानजाई_जांबोटी

प्रिंटर भिंतीच्या प्लगवर लावला, यूपीएस खरंच गप्प झाला. मीटर उसना घेतलाय, सकाळी बघते. आणखी एक: पावसाळ्यात झेरॉक्स फिकट येते, दोन कागद एकदम ओढतात. टोनर नवीन आहे. आणि नवीन मशीनवर नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) घातल्यावर जुन्या फायली उघडतील ना?

कळफलक_टिळकवाडी

कागद ओला आहे, टोनर नाही. टोनर कागदावर चढतो तो विजेच्या भारानं. ओलसर कागदात तो भार टिकत नाही म्हणून फिकट. आणि ओल्या कागदांच्या कडा एकमेकांना चिकटतात म्हणून दोन-दोन. ट्रेमध्ये पन्नासच कागद ठेवा, घालण्याआधी पत्त्यांसारखे फुलवा. फोडलेली रीम मूळ वेष्टणात गुंडाळून झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. रात्री ट्रे रिकामा करा. तरीही घसरले तर कागद ओढणारा रबरी रोलर ओलसर कापडानं पुसा.

नुडीच्या फायली: जुन्या फायली युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर सारखी दिसणारी अक्षरं) नसतील तर त्या फॉन्टवर अवलंबून असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की कन्नडऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मराठीच्या श्रीलिपी, कृतिदेवचं तेच. त्यामुळं जुना पीसी द्यायच्या किंवा फॉरमॅट मारायच्या आधी सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स हा फोल्डर अख्खा पेनड्राइव्हवर घ्या. डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधलंही घ्या, लोक डॉक्युमेंट्स घेतात आणि सगळं काम डेस्कटॉपवर पडलेलं असतं. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधार पडताळणीसाठी लागणारा प्रोग्राम) आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर कॉपी होत नाहीत, नव्यानं टाकायचे. मशीन आणल्याच्या दिवशीच टाका, गिऱ्हाईक रांगेत असताना नको.

यापुढचं सगळं मात्र युनिकोडमध्ये करा. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथं मराठी आणि कन्नड दोन्ही जोडा. विंडोज आणि स्पेसबार दाबलं की भाषा बदलते. रोमन अक्षरात टाइप करायची सवय असेल तर दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड आत आहेतच. पण रोजचं काम असेल तर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी) शिका. त्यात दोन्ही भाषांची अक्षरं एकाच जागी असतात: इंग्रजी के वर मराठी क आणि कन्नड ಕ चा कही तिथंच, एच वर प, एल वर त, डी वर हलंत. एकदा बोटं बसली की दोन भाषा एका कष्टात. आपल्या भागात याहून सोयीचं काही नाही.

रानजाई_जांबोटी

मापं घेतली. फेज-न्यूट्रल २१८, फेज-अर्थ ९६, न्यूट्रल-अर्थ ११०. आठवीवाला मशीन शनिवारी आणायचा विचार आहे.

अर्थिंग_आधी

तिसरी पिन मोकळी आहे ताई. शनिवारी मशीन आणा, पण खोक्यातच ठेवा. आधी वायरमनला बोलवून भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या मागं अर्थची हिरवी तार आहे का बघायला सांगा. असेल तर ती खड्ड्यापर्यंत पोचतेय का, नसेल तर नवीन ओढायची. काम झालं की परत तीच तीन मापं इथं टाका.